वरच्या घराचं पाणी

३ जून

पाळीची फळी आज माझ्या दारावर. म्हणजे ओहोळाची जाळी साफ करायची, दिवसभर पाण्याकडे लक्ष ठेवायचं आणि उद्या सकाळी फळी खालच्या घरी टांगायची. नऊ घरं, नऊ दिवस, मग पुन्हा मी. हात लागून लागून फळी इतकी मऊ झाली आहे की अक्षरं आता डोळ्यांना नाही, बोटांनाच कळतात.

जाळीत तीन पानं आणि कोणाच्या तरी नातवाची निळी चप्पल.

दुपारी ओगिनो बाई आल्या. चौथीला धडा आहे म्हणे – निसर्गाची संपत्ती. ती कोणाची, कशी वाटायची, कशी टिकवायची. "सुमिए-सान, तुम्हीच येऊन सांगा. पुस्तकात सगळं आहे, फक्त पाणी नाही." मी म्हटलं, बाई, नववीनंतर मी शाळेची पायरी चढलेली नाही. तर म्हणतात, "वाचनालयातून सगळ्यात जास्त पुस्तकं कोण नेतं ते मला ठाऊक आहे!" लाज वाटली. बरंही वाटलं.

नऊ तारखेला ह्यांना जाऊन दोन वर्षं होतील.

५ जून

मुलांना काय सांगायचं ते लिहून बघते.

आमच्या घराला पाण्याची खोली आहे. जमिनीतून झरा वर येतो तो आधी दगडी कुंडात. ते प्यायचं. कुंड भरून वाहिलं की पाणी हौदात. तिथे भाजी, काकड्या, टोफू. हौद भरला की डोहात. तिथे आपले कोई मासे. खरकटी भांडी डोहात बुडवून ठेवायची, शितं आणि बरबट मासे चाटून साफ करतात. मग पाणी भिंतीखालून बाहेरच्या ओहोळात. ओहोळ काहोच्या घरातून जातो, मग तोकिकोच्या, असा नवव्या घरापर्यंत. मग भातशेतं, मग लव्हाळ्याचं रान, मग बिवा सरोवर.

माझं घर सगळ्यात वर. म्हणजे माझं उष्टं आठ घरं वापरतात!

वाचनालयाच्या पुस्तकात लिहिलंय की वस्तू वाटायच्या तीन तऱ्हा. एक, बाजारात मांडा, ज्याला परवडेल तो नेईल. दोन, सरकार वाटून देईल. तीन, वापरणाऱ्यांनी आपसात नियम करून सांभाळायचं. तिसऱ्यावर दीड पानच आहे. मी ते चारदा वाचलं. त्यात फळी नाही. पुस्तक लिहिणाऱ्याने कधी दुसऱ्याच्या उष्ट्या पाण्यात तांदूळ धुतले नसावेत.

मुलं विचारतील, मग पाणी फुकट का? फुकट नाही. त्याची किंमत म्हणजे लक्ष ठेवणं. हे वाक्य बरं जमलं.

६ जून

मागच्या अंगणातलं तिरफळाचं झाड गेलं. ह्यांनी लावलेलं. तिरफळ असंच जातं, काल हिरवं, आज वाळलेलं. दोनच जाड फांद्या अजून ओल्या आहेत.

ह्यांना त्याची साल फार आवडायची. कोवळी साल सोलून, राखेच्या पाण्यात उकळून, सोया सॉसमध्ये आटवलेली. एक तुकडा खाल्ला की जिभेला मुंग्या येतात आणि तीन वाट्या भात जातो. हे डोंगरातल्या गावचे, तिकडचा पदार्थ. दरवर्षी स्वतः करायचे, मला हात लावू द्यायचे नाहीत. "तुम्ही तळ्याकाठच्या बायका! तुमच्या जिभेला काय कळणार?"

फांद्या कापल्या. ह्यांच्या श्राद्धाला करेन. शेवटची.

८ जून

दिवसभर सालीतच. सुरीने बोटं सोलली, साल कमी!

राखेत दोनदा उकळली. मग धुवायची. हे असताना स्वतः सगळं बादलीत करायचे आणि एकेक बादली उचलून मागच्या बांबूच्या बनात नेऊन ओतायचे. दहा-बारा खेपा! मी हसायचे – एवढा ओहोळ दारात असताना माणूस टेकडी चढतो. माझ्या गुडघ्याला ते जमणार नाही. म्हणून साल टोपलीत बांधून टोपली बाहेरच्या पायरीला ओहोळात सोडली. उकळीचं पाणीही गार करून तिथेच. राखच तर आहे, आमच्या आया राखेनेच भांडी घासायच्या. सध्या शेतांकडे पाणी वळवलंय, ओहोळ घोट्याएवढाच. तरी वाहत्या पाण्याने संध्याकाळपर्यंत कडूपणा उतरला.

डोहात नाही ठेवली. आपल्या माशांना तिखट कशाला?

अगदी त्यांच्या हातची झाली. चव घेतली आणि ओट्याशी उभी राहिले तशीच. वाफेत ते होते. म्हणजे नव्हते, पण वाफ त्यांच्या उंचीपर्यंत जाऊन थांबत होती.

९ जून

भिक्षू येऊन मंत्र म्हणून गेले. ह्यांच्या फोटोपुढे सालीची वाटी ठेवली.

तोकिको आली. पन्नास वर्षांपासूनची मैत्रीण. उदबत्ती लावली, हात जोडले आणि मान खाली घालूनच म्हणाली, "माझे मासे मेले गं. सातातले पाच. दादाही गेला." दादा म्हणजे तिचा म्हातारा काळा कोई, तिच्या मुलीच्या लग्नाच्या वर्षी आणलेला. हाक मारली की यायचा.

मी तिचा हात धरला.  तिने वाटीकडे बघितलं. म्हटलं, घे ना, तुला आवडते. हे करायचे तेव्हा डबा भरून मागून न्यायची. "आज नको," म्हणाली.

माझ्या डोहात बघितलं. सगळे मजेत.

११ जून

गावात एकच विषय. तोकिकोच्या वर दोनच घरं, माझं आणि काहोचं. माझं नाव कोण घेणार? मग राहिली काहो.

काहो ओसाकाची. नऊ वर्षं बंद पडलेल्या घरात तीन वर्षांपूर्वी येऊन राहिली. कापड रंगवते. नीळ, कांद्याची सालं, अक्रोडाची टरफलं. तिच्या डोहात मासे नाहीत. "आधी मला नीट जमू दे, मग आणीन," म्हणते. मागच्या वर्षी एकदा पाणी निळसर आलं होतं. तिने घरोघर जाऊन माफी मागितली, तेव्हापासून रंगाचं पाणी पिंपात भरून बाहेर पाठवते.

कुराता-सान गावचे प्रमुख. ते म्हणाले, "मासे नसलेल्या घराला पाण्याची काळजी कशी असणार?" सगळ्यांनी माना हलवल्या. मीही.

चोवीस तारखेला बैठक. तिच्या घराचा ओहोळ फळकुटं ठोकून बंद करायचा, पाणी बाहेरून वळवायचं. पाण्याशिवाय ती रंगवणार काय आणि राहणार कशाला!

१२ जून

फळी पुन्हा माझ्या दारी. कुराता-सान येऊन गेले. "उद्या तिच्याकडे टांगू नका. सरळ तोकिको-सानकडे."

१३ जून

एक घर गाळलं. फळी घेऊन काहोच्या दारावरून गेले. ती खिडकीत होती. तिने मान लववून नमस्कार केला. मी पण केला. हातात फळी होती.

१५ जून

आज स्वप्नात घरभर पाणी. फार नाही, तळव्यापुरतं. चटया तरंगत होत्या आणि हे त्यांच्यावरून चालत होते, कोरड्या पायांनी.

१६ जून

काहो आली. हातात कापडाचा तुकडा, अक्रोडाचा रंग, फार गोड तपकिरी. "सुमिए-सान, पिंपं बघायला या ना. सगळ्यांवर तारीख लिहिली आहे. एक थेंबही सोडलेला नाही."

म्हटलं, मला दाखवून काय उपयोग? बैठकीत दाखव.

"बैठकीत मला कोण विचारणार? तुम्ही वरच्या. तुमचं ऐकतील."

चहा दिला. तिने कप धुतला तोही माझ्या डोहावर, अगदी आमच्या पद्धतीने, शितासाठी मासे आले तेव्हा बोट मागे न घेता. कोणी शिकवलं तिला? बघून बघून शिकली असणार.

मी म्हटलं, बघू.

हेही घरजावई म्हणून आले तेव्हा तेरा वर्षं फळी त्यांच्या हाती आली नाही. माझे वडीलच घ्यायचे. तेरा वर्षं! एकदा म्हणाले होते, "पाणी मला ओळखतं गं, माणसांचंच राहिलंय." मी विसरले होते. काहो गेल्यावर आठवलं.

१९ जून

शाळेत गेले. तेवीस मुलं! 

कुंड, हौद, डोह फळ्यावर काढले. मासे काढायला तीन मुली धावल्या, एकीने माशाला पापण्या काढल्या. मग मी तीन तऱ्हा सांगितल्या. बाजार, सरकार, आपसात. एका मुलाने विचारलं, "आजी, आपसातमध्ये कोणी फसवलं तर?" म्हटलं, म्हणून फळी. "फळीवालाच फसवत असेल तर?" सगळे हसले. मीही.

शेवटी त्यांना सोपा नियम दिला. जे तुमच्या स्वतःच्या माशांना देणार नाही, ते ओहोळात सोडायचं नाही. बाईंनी तो फळ्यावर लिहिला.

पापण्यावालीने हात वर केला. "आजी, तुम्ही तुमच्या माशांना काय काय देत नाही?"

सांगायला लागले. गरम पाणी नाही. साबण नाही. लोणच्याचा खार नाही. तिखट –

तिथे थांबले. बाईंना वाटलं, दम लागला. त्यांनी पाणी आणून दिलं.

२० जून

दुपारी डोळा लागला.

स्वप्नात हे दहा वर्षांचे. अर्धी चड्डी. डोंगरातला झरा. वर कोणी म्हातारे साल कुटतायत, राख मिसळतायत, पोती भरून पाण्यात बुडवतायत. थोड्या वेळाने मासे पोट वर करून येतात, पांढरे पांढरे, ढग उतरल्यासारखे. पोरं शर्टात गोळा करतात. हे मला हाक मारतात – ये, धर! मी शर्ट पुढे करते. त्यात दादा.

उठून बसले. हे स्वप्न नव्हतं. म्हणजे, ही गोष्ट ह्यांनी मला सांगितलेली आहे! लग्नाच्या पहिल्या वर्षी, हसत हसत. तिकडे तिरफळाची साल आणि राख घालूनच मासे धरायचे. नंतर बंदी आली. मी म्हटलं होतं, कसली रानटी माणसं तुम्ही!

म्हणून ते टेकडी चढायचे. दहा-बारा खेपा. म्हणून मला हात लावू द्यायचे नाहीत. हसणारी मी. मी कधी कारण विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. परक्या गावात माणूस काळजीसुद्धा गुपचूप घेतो.

आणि मी टोपली डोहात ठेवली नाही. आठ तारखेचं पान उलटून बघितलं. माझ्याच अक्षरात आहे. आपल्या माशांना तिखट कशाला.

फळी आज माझ्याकडे आहे.

२१ जून

फळी कोणाकडेच टांगली नाही. काहोकडे टांगायला तोंड नाही, तिला पुन्हा गाळायला हात होत नाही. माझ्याच दारावर राहिली. कोणी विचारलं नाही. वरच्या घराला कोण विचारतं!

बरणीत साल अजून अर्धी आहे.

२२ जून

गप्प बसले तर कोणाला कळणार नाही. हे वाक्य लिहून बघितलं. दिसायला साधं आहे.

बोलले तर? साठ वर्षं वरच्या घराचं पाणी म्हणून लोक डोळे मिटून पितात. ते डोळे उघडतील. आणि ह्यांच्या नावाला काय लागेल? डोंगरातून आला आणि विषाची रीत आणली!

फोटोकडे बघत होते. ते नेहमीसारखेच, जरा डावीकडे, कोणी बोलावल्यासारखे.

२४ जून, रविवार

झालं. लिहून ठेवते, नाहीतर उद्या मला वेगळंच आठवेल.

सभागृहात नऊही घरं. काहो दाराजवळ, मांडीवर पिंपांच्या तारखांची वही. कोणी ती मागितली नाही. कुराता-सान फळकुटांची मापं वाचायला लागले.

मी उभी राहिले. म्हटलं, मासे मी मारले. आठ तारखेला तिरफळाची साल राखेत उकळून बाहेरच्या पायरीवर धुतली. माझ्या डोहातल्या माशांना त्रास होऊ नये म्हणून बाहेर. खालच्यांचा विचारच आला नाही. ह्यांचा दोष नाही, ते पाणी बांबूत नेऊन ओतायचे. मलाच टेकडी नको होती.

सगळं एका दमात. 

 मग कुराता-सान हसले! "तिरफळ! तुमचे एइझो-सान वरूनसुद्धा खोड्या काढतात बघा!" सगळे हसले. कोणी म्हणालं, श्राद्धाचं होतं, मनावर घेऊ नका. कोणी म्हणालं, गुडघा आधी दाखवा. कुराता-सानच्या बायकोने चहा ओतला. मापांचा कागद घडी होऊन खिशात गेला. पुढचा विषय, उन्हाळी उत्सवाचे कंदील.

मी उभीच. मला शिक्षा हवी होती असं नाही. पण इतकं स्वस्त?

तोकिको हसली नाही. कपाकडे बघत बसली.

चपला घालताना काहो शेजारी होती. हळूच म्हणाली, "सुमिए-सान, तुम्ही बोललात म्हणून आभार." आणि मग, वही पिशवीत ठेवत – "तुमचं मिटायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही."

रागाने नाही म्हणाली. तेच जास्त लागलं.

घरी येऊन उरलेली साल बादलीत घातली, पाणी ओतलं आणि टेकडी चढले. एक खेप. चार ठिकाणी बसले. बांबूच्या बनात गार होतं, वर पानं हलत होती आणि खाली जमिनीवर त्यांची सावली पाण्यासारखी वाहत होती. इथे ते बारा वेळा येऊन उभे राहायचे. मी कधीच आले नव्हते.

२५ जून

सकाळी तोकिको पायरीवर भेटली. भांडं घासत, वर न बघता म्हणाली, "मला त्याच दिवशी वास आला होता. तिरफळ आणि राख. एइझो-सानची साल मी काय ओळखत नाही?"

म्हटलं, मग बोलली का नाहीस? तुझा दादा गेला!

"ती पोरगी आज ना उद्या जाणारच होती. तुझं पाणी मला जन्मभर वापरायचंय."

फळी काढली आणि काहोच्या दारावर टांगली. मग घरी येऊन तांदूळ घेतले. माझा झरा, माझा हौद सोडून तिच्या घराखालच्या पायरीवर गेले आणि तिच्याकडून येणाऱ्या पाण्यात धुतले. पाणी किंचित अक्रोडाच्या रंगाचं वाटलं. वाटलंच फक्त. ओंजळीत घेतलं, प्यायले.

रोज जाईन.